खरखर

औशात, किल्ल्याच्या वाटेवर,
हबीबचाचांचं रेडिओचं दुकान होतं.
आठ बाय सहा. वर पत्रा,
पत्र्यावर तांब्याच्या जाळीचं एरियल.
एक तार आभाळाला, एक मातीला,
मधे जे बोलतं ते कुणाच्या बापाचं नाही,
असं चाचा म्हणायचे.
मातीतली तार जिथं गाडली होती
तिथं रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतणं
हे माझ्या उमेदवारीचं पहिलं काम.

भिंतीतून गाणं आत कसं येतं, मी विचारलं.
चाचांनी सोल्डरिंगवरून मान काढली नाही.
"सरवदे गुरुजींना विचार. मला फक्त दुरुस्त करता येतं."

गुरुजी सेल घ्यायला आले तेव्हा म्हणाले,
पूर्वी शास्त्रज्ञांनी ईथर म्हणून काहीतरी
सगळीकडे अंथरून ठेवलं होतं,
लाटांना पाठ टेकायला काहीतरी हवं ना.
मग मोजायला गेले. सापडलं नाही.
घडी करून ठेवून दिलं.
"आणि आमच्यात महाभूतं चारच," गुरुजी हसले.
"आकाश म्हणजे काय, तर भोकाची कड."

सैतवालांचे नेमिनाथशेठ मर्फीचा सेट न्यायला बसलेले,
त्यांना हे पटेना.
आकाश आहे. द्रव्य आहे. फक्त मुकं आहे;
आवाज पुद्गलाचा, ज्वारीसारखा दाण्यादाण्याचा.
आकाशाचं काम एकच, सरकून जागा देणं.
"एस.टी.त देतं का कुणी?"
आणि मजुरीत सव्वा रुपया कमी दिला.

आमच्या घरी उलटंच होतं.
शब्द हा आकाशाचा गुण, वडील सांगायचे,
आणि पटलं नाही तर शंख फुंकून दाखवायचे.

दूध घालणारी निलव्वा उंबऱ्यावर टेकायची,
गळ्यात चांदीची करडगी.
बयलातून आलं, बयलात गेलं, एवढंच म्हणायची.
नवऱ्याचं विचारलं तरी हेच,
दूध नासलं तरी हेच.

एका संध्याकाळी चाचांनी काटा
दोन स्टेशनांच्या मधे नेऊन थांबवला.
खर्रर्र.
"सुन. ये कोई टेसन नई. लामकान."
मग लगेच बंद केला. सेल महाग होते.

त्र्याण्णवला, विसर्जनाच्या रात्रीनंतर,
चाराला चार मिनिटं कमी असताना
आमची एरियलची काठी वाकली. आमची काठीच.
किल्लारीकडून दहा दिवसांनी
कुणीतरी पोतं आणून टाकलं.
सतरा रेडिओ. उलटा केला की स्पीकरमधून
पांढरी माती गळायची, भिंतींची.

चाचांनी एकेक उघडला, कुंचल्यानं झाडला.
एकच अट घातली मला,
काटा जिथं आहे तिथून हलवायचा नाही.
दिवाळीपर्यंत सगळे लागले.
नऊ सोलापूरवर,
पाच विविध भारतीवर,
दोन कुठल्याशा कानडी केंद्रावर,
आणि एक, निळ्या कव्हरचा, कशावरच नाही.

धक्क्यानं सरकला असेल, गुरुजी म्हणाले.
शेठ म्हणाले, असेल.
वडिलांना मी सांगितलंच नाही.
त्या दिवशी निलव्वा बयलु म्हणाली नाही,
माप थोडं जास्त घातलं आणि उठली.

तीन रेडिओ लोक घेऊन गेले.
एका बाईनं आवाज ऐकला,
तिथंच ठेवला, आणि गेली.

चाचा गेले त्याला आता अकरा वर्षं.
दुकानात मी मोबाईलचे कव्हर विकतो,
काचा लावून देतो.
एरियल माकडांनी नेलं.
निळा रेडिओ माळ्यावर आहे,
वर्षातून एकदा त्यात नवे सेल घालतो.

आणि वर जोडायला काही उरलं नाही तरी
सकाळी शटर उघडलं की
मातीतल्या तारेला तांब्याभर पाणी घालतो.
शेजारचा विचारतो, तुळस आहे का तिथं?
हो म्हणतो.