पंचवीस मायक्रॉन

आईच्या हाताखालून गेलेलं सोनं
आईच्या अंगावर कधी आलं नाही.

पेनांग बेट, बायान लेपासचा कारखाना, साल अठ्ठ्याहत्तर.
पांढरी टोपी, मायक्रोस्कोपला टेकलेलं कपाळ,
ऊई ग्येक हून, ऑपरेटर चारशे अकरा.
समोर तिळाएवढं सिलिकॉन
आणि रिळावर तार,
केसाचे उभे तीन भाग केले तर त्यातला एक.

"श्वास जपून घे," रोकियाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं,
"शिंकलीस तर तोळाभर उडून जाईल."
ते खोटं होतं.
पण आई अजून शिंकताना
तोंड उजवीकडे वळवते.

तारेच्या टोकाशी ठिणगी पडायची.
हजार चौसष्ट अंशांना सोनं हट्ट सोडायचं,
गोळा व्हायचं, इवलंसं, गोल.
तो गोळा पॅडवर दाबायचा, थरथरवायचा,
तार उचलायची, कमान टाकायची,
पलीकडच्या काठावर टाका.
टाका हा तिचा शब्द. शिवणाऱ्या बाईचा.
दिवसाला किती टाके, ते ती मोजत नव्हती,
मोजायला वेगळा माणूस होता.

मी विचारलं होतं, सोनंच का?
"चांदीतून वीज जास्त सोपी जाते. तांब्यातूनही.
सोन्याचा नंबर तिसरा."
मग?
"चांदी काळवंडते. तांबं हवा लागली की तोंड हिरवं करतं.
सोनं आपलं जसंच्या तसं.
खाऱ्या वाऱ्यात ठेव, विसरून जा,
दहा वर्षांनी ये."
आणि भात वाढता वाढता म्हणाली,
"नुसतं पळणारं माणूस काय कामाचं गं,
दारात उभं राहणारंही लागतं."

शाळेत मग मला कळलं:
एका अणूत एकोणऐंशी इलेक्ट्रॉन,
त्यातला एक घरात न टिकणारा.
तोही मुंगीपेक्षा हळू सरकतो.
बटरवर्थच्या फेरीला रांग लागते ना,
मागच्यानं ढकललं
की पुढचा बोटीत पडतो,
मधले सगळे फक्त पाऊलभर हललेले.
वीज ती एवढीच.

एकदा माल परत आला, खोकेच्या खोके.
मायक्रोस्कोपखाली टाक्याच्या मुळाशी
मॅंगोस्टीनच्या सालीसारखा जांभळा डाग.
अॅल्युमिनियमला सोनं लागलं, वर भट्टीची आच,
दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी झालं,
ठिसूळ. बोट लावलं की तुटणारं.
गंज चढत नाही सोन्याला,
सोयरीक मात्र भोवते.
त्या आठवड्यात आई बाबांशी बोलत नव्हती,
त्याचा याच्याशी संबंध नाही, असं ती म्हणते.

पंच्याऐंशीत अर्धी लाइन घरी बसवली.
आजीची बांगडी गहाणवटीच्या दुकानात गेली.
दुकानदारानं काळ्या दगडावर रेघ ओढली,
वर थेंब टाकला, रेघ तशीच पिवळी.
एकतीस ग्रॅम.
पुढे मी हिशेब केला: आईच्या जाडीची तार काढली असती
तर सव्वातीन किलोमीटर भरली असती.
माझी दोन वर्षांची फी.
बांगडी सुटली नाही.

आता तिथे तांब्याची तार, आणि टाके घालणारी यंत्रं
सेकंदाला वीस-वीस.
आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

परवा कपाट आवरताना जुना कॅल्क्युलेटर सापडला,
लाल आकड्यांचा, तिच्याच कारखान्यातला.
सेल घातले. लागला.
चाळीसहून जास्त वर्षं अंधारात
कुणी न पाहिलेलं पिवळं
तसंच उभं होतं दारात.

आईनं आठ दाबला.
सहा उमटला, उजवीकडची वरची दांडी गेलेली.
तिनं तो नाकाशी नेला, उलटा केला,
मागचे बारीक आकडे मला वाचायला लावले.
"ही माझी नव्हे," म्हणाली,
"ही दुपारपाळीची."
आणि पुन्हा आठ दाबला.