लाईन कवय येई

रात्री अकरा चाळीसला फोन.
'बहीन, लाईन कवय येई वं?'
बारा पाचला, मी म्हणते.
'काल बी तू हाईच सांगेल व्हतं.'
काल वादळ होतं.
त्याला माहीत आहे,
त्याच्या केळीला नाही.

अडावदच्या सबस्टेशनात मी यंत्रचालक.
एक खुर्ची, एक पंखा, फीडर सहा,
आणि हा एकच शब्द,
पाळीभर कानाशी डासासारखा.

बोरसे सरांनी फळ्यावर लिहून विचारलं होतं,
लाईन म्हणजे काय?
मी म्हणाले, जिथे बाबा कामाला जातात ती.
वर्ग हसला. सर नाही हसले.
'बरोबर आहे. पण पेपरात रेषा लिही.'
लिहिली. एक मार्क मिळाला.

बाबा चावीवाले. धरणगाव ते पाळधी,
खांद्यावर हातोडा, रोज पायी.
'लाईनवर गेलेत' आई सांगायची,
शेजारीण 'वावरात गेलेत' सांगायची तसं.
पाहुणे चहा बशीत ओतता ओतता विचारत,
पोरगी कोणत्या लाईनला टाकताय?
डीएडच्या टाका. नर्सिंगच्या टाका.
रूळ बदलायचा खटका जसा काही
त्यांच्याच गुडघ्याशी बसवलेला.

मी आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन.
चौतीस पोरं आणि मी.
एक जण रोज स्टँडवर उभा.
मैत्रिणी म्हणायच्या, लाईन मारतो तुझ्यावर.
मी जाऊन विचारलं,
सिंगल फेज की थ्री फेज?
दुसऱ्या दिवसापासून त्याची एसटी बदलली.
ऐकते, आता लाईनला लागलाय,
सुरतेत, साड्यांच्या.

आज चार नंबरचा जंपर तुटलाय.
अकरा दहाला देवमन कोळीने परमिट घेतलं,
लाईन क्लिअर,
रजिस्टरात त्याची सही, माझी सही.
आता तो स्वतः येऊन 'झालं' म्हणत नाही
तोवर हे हँडल माझं नाही,
साहेबाचं नाही, मंत्र्याचंही नाही.

बारा पाच झाले.
बारा तीस.
देवमनचा फोन लागत नाही,
त्याचीही लाईन गेलेली.
मग सरपंचाचा भाचा,
'मॅडम, देवमन आमच्या डोळ्यादेखत गेला ना फटफटीवर!
कधीचं झालं काम. दाबा बटण.'
मी म्हणाले, नाही.
'पाहिला म्हणतो ना मी!'
पाहिला असशील.
त्यानंतर तो जे बोलला ते
रजिस्टरात लिहायला रकाना नाही.

सव्वीस फोन. मी मोजले,
दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.
सत्ताविसावा उचललाच नाही,
तो कोणाचा होता, अजून मनात आहे.

एक वीसला दारात बूट वाजले.
देवमन, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला केळीचा चीक.
'मोबाइल पाटात पडला.
वायर कमी पडली, मी चुंचाळ्याला आणायला गेलो.'
आणि दित्या?
'दित्या वरच होता ना. खांबावर.
म्हटलं, उतरून परत चढण्यापेक्षा बस तिथेच.'

पंखा चालू होता.
मी तो बंद केला, का ते माहीत नाही.
'आता कुठे आहे?'
'बाहेर. बिडी पितोय.'
मी उठून बाहेर गेले, बघून आले.
विडीचा लाल ठिपका,
त्याच्या मागे दित्या पावरा, अख्खा.

देवमनने सही केली.
ती रकान्याच्या रेषेवरून खाली घसरली.
मी हँडल फिरवलं.
लांब कुठे तरी मोटारी घुमायला लागल्या,
एक, मग दहा, मग मोजता येईनात.

फोन गप्प.
लाईन आली हे सांगायला
आजवर कोणी फोन केलेला नाही.
मी रजिस्टर ओढलं.
०१.२७, फीडर चार, चालू.
एवढीच ओळ.
बोरसे सर, हीसुद्धा लाईनच ना?