पान तेहतीस

परीक्षण मंडळाकडून संहिता परत आली
खणभागातल्या शाळेच्या हॉलवर, ऐन तालमीत.
पान तेहतीस. एका शब्दाभोवती लाल चौकोन:
समाजाच्या भावना दुखावतील. वगळावा.

मकरंद पेटला. बाकावर चढून
गळचेपी, मुस्कटदाबी, सगळं बोलला.
आम्ही टाळ्या दिल्या. मीही.
मी प्रॉम्प्टर; मला शब्द पाठच होता.

ज्याच्या भावना, तो मागे दोरीची गाठ सोडवत होता.
निवास वायदंडे. पडदा ओढतो,
दिवसा यार्डात हळदीची पोती; नखं कायमची पिवळी.
नऊ वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलं नाही,
मंडळानं नाही,
आम्ही नाही.

त्या दिवशी विचारलं, चहा देता देता.
म्हणाला, "ठेवा की.
गावात ऐकतो तवा कोण लाल रेघ मारतंय?
फकस्त म्हणताना हिकडं बघून म्हणा."

एवढंच. परत गाठीत बोटं.

तालीम सुरू झाली. तेहतिसावं पान.
मकरंदनं हात उगारला, विंगेकडे वळला
आणि थांबला.

थांबणं मला ओळखता येतं.
विसरलेलं वेगळं,
आठवत असलेलं वेगळं.
तरी सवयीनं माझे ओठ उघडले.

शब्द दातांपाशी आला. जुना, गुळगुळीत;
आजोबांच्या तोंडी असायचा,
ओंजळीत वरून पाणी ओतताना.

निवास दोरी धरून उभा.
पडदा पाडायचा का, या बेतानं
माझ्याकडे बघत.