काडेपेटीभर काच

ओटाकार आला तेव्हा बाहेर बर्फ वितळत होतं,
त्याच्या बुटांनी माझ्या स्वयंपाकघरात दोन तळी केली.
खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली
आणि ती पळून जाईल अशी तिच्यावर बोटं दाबून म्हणाला,
"शेवटच्या दिवशी फरशी झाडली होती. त्यातलं आहे हे."

याब्लोनेत्समधला आमचा कारखाना बंद होऊन अठरा वर्षं झाली.
तो भट्टीवर काचेच्या कांड्या ओढायचा,
मी वरच्या मजल्यावर, चाळण्यांपाशी.
मण्यांचा हिशेब उलटा असतो:
अकरा नंबर मोठा, पंधरा नंबर बारीक,
आकडा चढत जातो तसतसा मणी आटत जातो,
माझ्या आईसारखा.

"काच काचेतच बसव," तो म्हणाला.
म्हटलं, भट्टी कुठाय? माझ्याकडे दोन बाटल्या आहेत,
एक रेझिन, एक त्याचं विरजण.
"म्हणजे प्लास्टिक," ओटाकार म्हणाला,
एखाद्यानं "म्हणजे चोरी" म्हणावं तसं.
पण काडेपेटी ठेवून गेला.

पहिली खेप फसली.
कोळसा वाचवायला रात्री शेगडी विझवली होती,
गारठ्यात रेझिन धरलंच नाही;
सकाळी बोट लावलं तर चिकट, कच्च्या पाकासारखं.
चार चिमटी चुऱ्यातली एक अशी वाया.
दुसऱ्यांदा थेंब मोजून मिसळलं, हळूहळू ढवळलं
(घाई केली की बुडबुडे; घाई न करताही बुडबुडे),
दात कोरायच्या काडीनं एकेक टोचून फोडला,
आणि साचा झाकून ठेवला पिल्लांच्या दिव्याखाली.
नऊ पिल्लं रात्रभर त्याला टेकून झोपली.
यार्मिलनं विचारलं, "काय उबवतेस?"

ओतण्याआधी चिमट्यानं कचरा निवडला होता.
लाल, राखी, पिवळट चुरा,
एक अर्धा मणी, भोक पडायचं राहून गेलेला,
आणि एक केस. लांब, तांबूस.
त्या मजल्यावर आम्ही चाळीस जणी होतो,
डोक्याला रुमाल बांधायची सक्ती होती,
तरी कुणाचा तरी सुटलाच.
ब्लाझेनाचा? ती गेल्या हिवाळ्यात गेली.
हेडविकाचा? ती तर काळीभोर.
माझा नक्कीच नाही, म्हणत आरशात पाहिलं;
आता पांढऱ्याला काय विचारणार.
काढला नाही. राहू दिला.

साच्यातून निघाला तो पालथ्या चमच्याएवढा खडा,
पोट सपाट, पाठ फुगीर,
आत केस वळून बसलेला, कसलीच घाई नसलेला.

मग कोंदण. सोन्याचं नव्हे, मण्यांचं.
जाड कापडावर खडा चिकटवायचा, कडेनं टाके घालायचे,
पहिली फेरी अकरा नंबर, दुसरीही अकरा,
तिसरीला पंधरा घेतले की गळा आवळत येतो,
खडा मग कुठे जात नाही.
दोऱ्याला मेण लावायचं. गाठ आत लपवायची.
बोट अजून चाळणीच आहे:
जाड निघाला, बाजूला. वाकडा, बाजूला.
पगार कुणी देत नाही, तरी.

ओटाकारनं तळहातावर तोलून पाहिला.
"हलका आहे."
हो. काच असती तर हात जरा खाली गेला असता.
मी सुई पुसत बसले.
त्यानं खडा उलटा केला. पाठीला चामडं लावलं होतं,
भट्टीवरच्या हातमोज्याचं; गोदाम रिकामं करताना
मी उचलून आणलेल्या ढिगातलं,
एका कडेला करपलेलं.
तो बघत राहिला. नाकाशी नेला.
बराच वेळ तिथेच धरला.

मग कोटाला लावला, कॉलरच्या आतल्या बाजूनं,
कुणाला दिसणार नाही असा,
आणि विचारलं, किती द्यायचे.
म्हटलं, पिल्लांना दाणे आण.