नऊ पुड्या

चौदा गावांची लाईट माझ्या हातानं जाते.
सबस्टेशनात सव्वादहाला हँडल खाली ओढतो,
रजिस्टरला वेळ टाकतो, चहा घेतो.
आमची गल्लीही त्याच फीडरवर.
आजवर थांबलो नाही कुणासाठी,
लग्नघरासाठी नाही, गिरणीसाठी नाही.

आता सात माशांसाठी
बदलीवरच्या डोंगरवारच्या मागे लागलोय:
सतरा दिवस, भाऊ, तेवढा एक फीडर
जमलं तर शेवटी टाकत जा.
तो हसला. साहेब, शेड्यूल वरून येते.
वाक्य माझंच होतं.
अकरा वर्षं सगळ्यांना तेच ऐकवत आलो.

मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरलं.
हवेचा पंप दम्याच्या माणसासारखा ओढत होता,
त्याचा पडदा सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवला.
ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लिचिंगचा वास,
म्हणून दोन बादल्या रात्रभर अंगणात उघड्या.
सकाळी एकीत मुंगळा तरंगत होता.

पाणी सगळं बदलायचं नसतं.
तिसरा हिस्सा फक्त.
स्पंजही त्यांच्याच पाण्यात पिळायचा,
गाळात जे राबत असतं, डोळ्यांना न दिसणारं,
ते नळाखाली मरतं.
हे शकुनला सांगत होतो.
ती सुटकेसवर गुडघा टेकवून चेन ओढत होती.
म्हणाली, लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेले होते,
तेव्हा माझी तुळस वाळवली तुम्ही.

बोललो नाही.
पेपर फाडून पुड्या बांधायला बसलो,
डॉक्टर बांधतात तशा.
एकाआड एक दिवस, नऊ पुड्या,
प्रत्येकीवर तारीख.
एका पुडीत चिमूट, चिमटीतली,
हळदीकुंकवाला घेतो तेवढीच.
उपाशी मासा आठवडा काढतो,
जास्त घातलेलं दोन दिवसांत पाणी सडवतं.

चावी भागरताबाईकडे.
धिवरांच्या मोहल्ल्यातलं शेवटचं घर,
दारात जाळं वाळत घातलेलं.
मे महिना, तलाव मधोमध डबक्यावर आलेला,
सगळं गाव त्यात उतरलेलं टोपल्या घेऊन.
तिनं पुड्या पदरात घेतल्या, मोजल्या,
आणि इतकी हसली की खोकला लागला.
मासोऱ्याले खाऊ घालाले
मले ठेवता का जी तुम्ही?
नातू निकेश मात्र हसला नाही.
त्यानं विचारलं, त्यांची नावं काय?
नावं ठेवली नव्हती.
दोन काळ्या, चार पट्ट्यांच्या, एक चपटी,
असंच म्हणायचो.

कुलूप लावून परत उघडलं, तीनदा.
खिडकीला ओलं पोतं बांधलं,
काचेवरचं झाकण बोटभर सरकवलं,
परत लावलं. परत सरकवलं.
शकुन ऑटोत बसून होती, हातात रामेश्वरची तिकिटं.
अठ्ठेचाळीस वर्षांची झाली,
मोठं पाणी म्हणून तिनं नवेगावचा बांध पाहिलेला.

चौथ्या दिवशी फोन लावला.
पुडी दिली का?
देल्ली. पोट्टा रोज देतो म्हन्ते,
म्हून चावी मी कनवटीले ठेवतो.
लाईट?
जाते ना जी. तुमच्याच हातानं जात होती,
आता दुसऱ्याच्या हातानं जाते.
मग जरा वेळ काही बोललीच नाही.
मला वाटलं रेंज गेली.

भाऊ, ते चपटी,
काचीजवळ येऊन माह्या तोंडाकडं पाहते.
चाळीस वर्सं मासोरी हातात धरली,
टोपलीत धरली, काट्यावर तोलली.
पान्यात असते तवा कशी असते,
बसून पाहाले येळ कुठं होता.
आता दुपारी येतो अन् बसतो.
पोट्ट्यानं नावं ठेवली साऱ्याइची.
तुमाले आल्यावर सांगीन.

वाळू पायाखालून सरकत होती.
शकुन साडी गुडघ्यापर्यंत धरून उभी,
लाट आली की मागं पळे,
गेली की चार पावलं आणखी आत.
मला हाक मारत होती.
माझा उजवा हात आपोआप वर गेला होता,
हँडल धरल्यासारखा.
घड्याळ पाहिलं.
दहा चौदा.