सतरा सी

दार उघडलं की आधी वास येतो.
कॉफी, ओले मोजे, कुणाच्या तरी लेकराची ओकारी,
आणि त्यावर शिंपडलेलं लिंबाचं काहीतरी,
ज्याची लिंबाशी कधी गाठच पडलेली नाही.

बाहेर सोनेगावच्या डांबरावर मे महिना.
आत एसी बंद. जमिनीवर असताना वाचवतात म्हणे.
अठरा मिनिटं, एकशे ऐंशी खुर्च्या, आम्ही चौघी.
खोब्रागडे सर शिडीपाशी घड्याळ धरून,
अंडी उकडायला ठेवल्यासारखे.

माझ्या वाट्याला बारा ते बावीस.
खिशांत हात घालताना मी बघत नाही,
बोटंच सांगतात:
संत्र्याच्या बिया, दात कोरायची काडी,
बोर्डिंग पासाची केलेली होडी.
गालिचा कडेनं सुटत आलाय. त्याच्याखाली
आणखी एक गालिचा आहे, निळा.
मी एकदा नखानं उचलून पाहिला होता.

बाराच्या खिडकीची झडप अर्ध्यावर अडकलेली.
चौदाचा दिवा दिवसाढवळ्या जळतो.
शौचालयाच्या दाराला चिकटपट्टी,
आणि चिकटपट्टीच्या कडेला मळाची काळी रेघ,
म्हणजे तीही आजची नाही.

मागल्या साली हे विमान दुसऱ्या कंपनीचं होतं.
शेपटीवर दुसरा पक्षी. मग सहा महिने दिसलंच नाही,
आणि आलं ते नवा रंग, नवं नाव लावून,
दुसऱ्यांदा बोहल्यावर चढल्यासारखं.
दोन्हीकडून पाण्याचे फवारे उडवले. साहेब लोकांनी फोटो काढले.
मी आत शिरले ती सतराव्या ओळीत थबकले.
सी खुर्चीच्या हातावर, बॉलपेननं, वाकडंतिकडं:
ओजल इथं बसली. रडली नाही.

दोन वर्षं स्पिरिटनं घासत होते ती ओळ.
मग जोर लावणं सोडून दिलं.

'तूच का गं?' मी म्हटलं.
पलीकडून छबू म्हणाली, 'कोनासंग बोलून राह्यली वं?'

आज उतरताना एक जण दारातच मला म्हणाला,
'तुम्ही काही साफच करत नाही का हो?'
मराठीत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.
मळ निघतो भाऊ, वय नाही निघत,
असं म्हणायला हवं होतं.
पण हे सुचलं घरी, जयताळ्याला, भांडी घासताना.

सतरा सी मागे रेलली की सरळ होत नाही.
तीनदा लिहून दिलं. वहीत तीन सह्या आहेत.
म्हणून मी ओकारीची एक कोरी पिशवी
चार घड्या घालून पाठीच्या फटीत ठोकते.
उभी राहते मग, उड्डाणापुरती.
वर गेल्यावर सुटत असेल,
मागच्याच्या गुडघ्यांवर जात असेल.
वरचं मला काय माहीत?
मी विमानात रोज चढते,
आणि रोज इथंच उतरते.

'झालं का?' खोब्रागडे सर.
'झालं.'

चौदाचा दिवा जळतोच आहे.