वेटिंग

किलोमीटरला चौदा रुपये,
थांबलं तर वेटिंग वेगळं:
इरेशनं अशोक चौकातच सांगून टाकलेलं.

नान्नजच्या माळावर गार्ड म्हणाला,
हॉर्न नको, दार आपटू नका.
कुसळं सॉक्समध्ये शिरली.
काळविटांनी माना वर केल्या,
पुन्हा खाली घातल्या.

माळढोक?
गार्डनं वही उलटली. तारखांपुढे नुसती टिंबं.
"असतो," म्हणाला,
बाहेरगावी गेलेल्या माणसाबद्दल म्हणावं तसं.

मग वारं सुटलं.
गवत या कडेपासून वाकत
पार त्या कडेला गेलं.
इरेश बॉनेटला टेकून, माझ्याकडे न बघता:
"तुम्ही रत्नागिरीचे ना?
भरती असंच येतंय का ओ?"

मला हो म्हणायला
बराच वेळ लागला.

रात्री बिलात, वेटिंगच्या रकान्यात
त्यानं एक टिंब दिलं होतं.